एकशे बारानंतरचं पान

एकशे बारानंतर एकशे तेरा यायला हवं. माझ्यात पुन्हा सत्त्याण्णवच येतं. मी ग्रंथालयातल्या एका भाषणसंग्रहाची प्रत बोलतेय, आणि ही माझी जन्माची खोट.

बांधणाऱ्याने गप्पांच्या नादात सोळा पानांचा एक फर्मा दोनदा उचलला, पुढचा राहूनच गेला. माझ्यात जुन्या सभागृहातली दोन भाषणं आहेत. विषय एकच, सगळ्या प्रांतांनी मिळून एक संघराज्य करावं की नाही? समर्थक दणक्यात विचारतो, "एकेकटे राहिलात तर कोण पुसतंय तुम्हाला?" मग विरोधक उठतो. "संघाला माझा विरोध आहे, परंतु..." आणि पान संपतं. बिचारा दोनदा शिवला गेलाय, दोन्ही वेळा 'परंतु'पाशीच तोडलेला.

पस्तीस वर्षं विद्यार्थी आले, समर्थकाची टाळ्याखाऊ वाक्यं उतरवून गेले. विरोधकाला त्यांनी 'संघाचा शत्रू' करून टाकलं. मी आपली कपाटात अंग चोरून उभी.

मग एक विद्यार्थिनी आली. वहीचं पान मधोमध दुमडून एकीकडे समर्थन, दुसरीकडे विरोध लिहीत बसली. सत्त्याण्णव पुन्हा दिसताच अशी दचकली, की मला छातीशी धरून थेट टेबलापाशी.

"बाई, मी काही केलं नाही हं! आधीपासूनच असं आहे!"

"अगं, तुला कोण फासावर देतंय?" ग्रंथपालबाईंनी चष्मा वर सरकवला. "निबंध उद्या द्यायचाय ना? लिही 'कट्टर विरोधक' आणि हो मोकळी."

"पण 'परंतु'नंतर तो काय म्हणाला, तेच मला माहीत नाही. मनचं त्याच्या तोंडी कसं घालू?"

मला तिने घट्ट धरलं होतं.

बाईंनी दुसऱ्या ग्रंथालयांत विचारायला फोन पुढे केला. तीन ग्रंथालयांत माझी दुसरी प्रत नव्हतीच. चौथ्या ठिकाणी रिंग वाजत राहिली. तिचा तळवा माझ्या एकशे बाराव्या पानावर.

पोरी, कुणी उचलो न उचलो, तुझे उपकार आहेत माझ्यावर. अर्ध्यावर सगळे उठून गेले, तू थांबलीस. परत ठेवशील तेव्हा 'इथली पुढची पानं नाहीत' अशी एक चिठ्ठी मात्र इथे ठेव. पुढचाही थांबेल.

"हॅलो?" म्हातारा, खोकरा आवाज. तिने एका दमात सगळं सांगितलं. पलीकडे पानं सळसळली.

"एकशे तेरा ना? आमच्या प्रतीत ते दोनदा बांधलंय. बोल बाळ, कितीदा वाचू?"