मुंग्यांची साक्ष

पारशिवनीजवळच्या त्या गावात रुपरावच्या अंगणात सकाळी सकाळीच अर्धा गाव जमला होता, आणि पाहायला काय, तर मुंग्या! बाबाराव महाराजांनी झोळीतली जर्मनची वाटी काढली, तिच्यात रुपरावच्या बायकोचं, गोपिकाचं, चमचाभर दूध ओतलं आणि चार मुंग्या सोडल्या. मुंग्या काठाकाठाने फिरल्या, लटपटल्या आणि उताण्या पडल्या. बायकांचे पदर तोंडाशी गेले.

"दूध नाही, जहर हाय हे," महाराज म्हणाले. "बाळंतिणीच्या अंगात हडळ बसून राहिली. म्हणून रडते, झोपत नाही, लेकराले घेत नाही. पोराले आजच आत्याकडं बुटीबोरीले धाडा. हिले सव्वा महिना कोंडा, मिरच्यांची धुरी द्या."

गोपिका दारात बसली होती. बाळंत होऊन बावीस दिवस झाले होते. "माह्याच दुधानं मरन तो," ती हळूच म्हणाली. तिला ते मनापासून पटलं होतं, आणि ते ऐकून देवकी गर्दीतून पुढे आली.

देवकी गावची आशाताई. पोरीला बाळंतपणानंतरचा मनाचा आजार झालाय, नागपूरला दाखवा, हे ती पंधरा दिवस घसा कोरडा करून सांगत होती. गोपिकाची सासू कौसल्याबाई दर वेळी चहा पाजायची आणि तिचं बोलणं चुलीत घालायची.

"आशाताईले गोळ्या वाटता येते," महाराजांनी टोमणा मारला, "हडळ कुठून दिसन?"

"नाहीच दिसत, महाराज. वाटी दिसते फक्त."

देवकीने वाटी उचलून दूध सांडलं आणि आत साखरेचं पाणी ओतलं. महाराज "विटाळ, विटाळ" करत उठेपर्यंत तिने मुंग्या सोडल्याही. त्याही मेल्या. मग तिने चुलीपुढची स्वच्छ वाटी घेतली, गोपिकाला आत नेऊन तिचं थोडं दूध आणलं आणि त्यात मुंग्या सोडल्या. त्या दूध प्यायल्या आणि आपल्या वाटेने निघून गेल्या.

"आता काय म्हणता? साखरेच्या अंगातबी हडळ हाय का?"

तिने महाराजांच्या वाटीत बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. रुपरावने झोळी उलटी केली, तर विभूतीच्या पुडीखालून मुंग्या मारायचा खडू पडला. वाटी आतून त्या खडूनेच घासलेली होती. लोक हसायला लागले, कोणीतरी शिवी हासडली. देवकीलाही जिंकल्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोला.

कौसल्याबाई मात्र हसली नाही. ती महाराजांसमोर जाऊन उभी राहिली.

"तुह्या बापाकडंबी अशीच वाटी होती. तवा खडू नव्हता, शेतात टाकाची पावडर होती. माह्या पहिल्या पोरीच्या वेळेस मीबी अशीच रडत होती. मले कोंडलं, पोरीले पिठाचं पाणी पाजलं. नवव्या दिवशी गेली ते." मग ती देवकीकडे वळली. "मंग माह्यं दूध चांगलं होतं का वं?"

देवकीला खोटं बोलावंसं वाटलं, पण तिने खरंच सांगितलं. "हो, काकू," ती म्हणाली. "चांगलं होतं."

चाळीस वर्षं त्या बाईने स्वतःलाच पोरीची मारेकरीण मानलं होतं. आता तिला कळलं, पोर फुकट गेली. अंगण गुपचूप रिकामं झालं. महाराजांना पोलीस घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी नागपूरला, सदर भागातल्या एका दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गोपिकाला शांतपणे विचारलं, "झोप लागते का? आपलं पोर आपल्यामुळे मरेल असं वाटतं का? जीव द्यावासा वाटतो का?"

गोपिकाने तोंड उघडण्याआधीच शेजारी बसलेली कौसल्याबाई बोलली, "वाटे. विहिरीपर्यंत गेली होती मी."

डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. गोपिकावर तेव्हापासून उपचार सुरू आहेत, बाळ तिच्याजवळच आहे. सासूसाठीही त्यांनी दर गुरुवारची वेळ ठेवली आहे.

बाळंतीण रडत असेल, झोपत नसेल, लेकराला भीत असेल, तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. तिला डॉक्टरकडे न्या. आणि कोणी मुंग्यांची साक्ष काढली, तर आधी वाटी बदलून पाहा. कौसल्याबाईच्या वेळी ती कोणी बदलली नव्हती.