कोंबड्याच्या पाठीवरचं पीस

मी कोंबड्याच्या पाठीवरचं पीस बोलतोय. शेपटीच्या अलीकडे, दोन्ही अंगांनी झुलणारी लांब, अरुंद, चकचकीत पिसं तुम्ही पाहिली असतील. त्यांतलाच मी एक.

आमचा कोंबडा मांसासाठी पाळलेला नव्हता, आमच्यासाठी होता. भांडणात पिसं मोडू नयेत म्हणून त्याला जन्मभर एकट्याला पिंजऱ्यात ठेवलं. दाणापाणी घालणारा माणूस त्याला लाडानं 'जावईबापू' म्हणायचा. आम्ही पुरते लांब झालो तेव्हा त्याच माणसानं त्याची मान मुरगळली आणि आम्हांला कातड्यासकट सोलून घेतलं.

तिथून मी पिसांच्या कारखान्यात आलो. रंगवून, वाळवून आम्हांला एका लांब टेबलावर ओतलं. बायका आमची लांबी बघून जुड्या बांधायच्या. पुढे मासे धरायच्या गळावर आम्हांला बांधायचे. मासा आम्हांला किडा समजून गिळायचा.

त्या खोलीत पंखा नव्हता आणि खिडक्या खिळे ठोकून बंद केलेल्या. वारा आला की पिसं उडतात ना! आमच्या अंगाचा भुगा मात्र उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहायचा.

टेबलाशी दोन जावा शेजारी बसायच्या. थोरलीनंच धाकटीला या कामावर आणलं होतं. धाकटीचा हात हलका, बोलणं मिश्कील. "सासूबाईंनी कधी एवढं गोंजारलं नाही, तेवढं मी या पिसांना गोंजारते," म्हणायची आणि टेबलभर हसू फुटायचं.

मग तिला खोकला लागला. सुट्टीच्या दिवशी कमी व्हायचा, कामावर आली की पुन्हा सुरू. जिना चढताना ती मधेच बसू लागली. डॉक्टरांनी सांगितलं, पिसांची धूळ छातीत गेलीय, हे काम सोडा. तिनं घरी सांगितलं, साधा खोकला आहे. नवरा अंथरुणाला खिळलेला, लेक लहान. सोडून जाणार कुठे?

खरं फक्त थोरलीला ठाऊक होतं. तिनं मुकादमाकडे खिडकी उघडायची परवानगी मागितली. तो म्हणाला, माल उडाला तर भरून कोण देणार? ती परत जुड्या बांधायला लागली.

एके दुपारी धाकटीला ढास लागली ती थांबेचना. ओठ निळे पडले. थोरली उठली, लोखंडी कात्रीनं खिळे उचकटले आणि खिडकी सताड उघडली. वारा आत घुसला. जुड्या सुटल्या, आम्ही छतापर्यंत उधळलो. मी धाकटीच्या शालीत जाऊन अडकलो.

"जाऊबाई," ती धापा टाकत म्हणाली, "किती दिवसांनी श्वास घेतला हो मी."

दोघींना त्याच दिवशी घरी बसवलं. धूळ सुटली, पण धाकटीची छाती आतून घट्ट झाली होती, ती काही सैल झाली नाही. थंडी सरायच्या आत धाकटी गेली.

शाल धुवायला काढली तेव्हा थोरलीला मी सापडलो. चुलीत टाकायला तिनं हात उचलला, तोच धाकटीची लेक आडवी आली. "मोठी आई, आईचंय ते. मला दे."

थोरलीनं हात खाली घेतला. मग तिनं मला साबणानं घासघासून धुतलं, कडक उन्हात वाळवलं आणि पोरीच्या हातात देताना बजावलं, "तोंडाजवळ न्यायचं नाही हं."

आता माझी चमक गेलीय, काडीसारखा वाळलोय. लोकहो, ज्या खोलीत आमच्यासाठी खिडक्या बंद करता, तिथे माणसंही बसलेली असतात, एवढं ध्यानात ठेवा.

पोर काही ऐकत नाही. कुणी बघत नसलं की आईचा वास येतो का म्हणून मला नाकाशी धरते आणि खोल श्वास घेते. तेव्हा मी जमेल तेवढं अंग आवरून धरतो. एक कणसुद्धा सुटू देत नाही.