दारावर डकवलेलं समन्स

लढाईला चार वर्षं होत आली होती. पलटणीत गेलेल्यांच्या घरी खाकी कपड्यातला माणूस कागद घेऊन आला की तो एकच बातमी आणतो, हे गावातल्या पोराटोरांनाही पाठ झालं होतं. तसला माणूस एका सकाळी बयाबाईच्या दारात उभा राहिला.

"ज्ञानूचं घर हेच न्हवं? कागद घ्या."

बयाबाईचा नवरा ज्ञानू पलटणीतच होता. कागद हातात घेत नाही तोवर आपलं कुंकू शाबूत, एवढंच तिला सुचलं. "न्हाई घ्यायची मी," म्हणत तिनं कडी घातली.

तो बिचारा कचेरीचा बेलीफ. "आवं बाई, समन्स हाय," असं बाहेरून ओरडत होता. पण ती आत देवापुढं ऊर बडवत होती, तिला कुठलं ऐकू येतंय! त्यानं रीतीप्रमाणे दोन पंच बोलावले, कागद दारावर डकवला आणि 'घेण्यास नकार' असा शेरा मारून तो गेला. बयाबाईनं डोळे झाकून तो कागद खरवडला आणि चुलीत घातला.

दावा होता भाऊसोचा, ज्ञानूच्या चुलतभावाचा. विहिरीकाठचं रान आपल्या कब्जातलं, ते ज्ञानूनं दडपलं, अशी लोणकढी थाप त्यानं मारली होती. मामलेदार कोर्टात कब्जाचे दावे झटपट निकाली निघत. तारखेला पुकारा झाला, कोणी ओ दिली नाही, निकाल एकतर्फी लागला. ज्ञानू लढाईवर आहे एवढंच सांगायचं भाऊसो बरोबर विसरला. मेल्याची जीभ इतर वेळी चांगली हातभर होती.

रानात त्याचा नांगर शिरला तेव्हा बयाबाई कचेरीत धावली.

कारकून म्हणाला, "शिपाई लढाईवर असला तर दावा थांबवतात, बाई. तारखेला येऊन नुसतं सांगायचं होतंत. आता निकाल फिरवायची मुदतही टळली."

"म्हंजे त्यो कागद त्यांच्या मरनाचा न्हवता?"

"मरणाचा कशाला असेल?"

तर ही बाई भर कचेरीत खदखदून हसली. रान गेल्याचं दुःख तिला घरी पोचल्यावर झालं.

लढाई संपली. ज्ञानू धडधाकट लोणंदला उतरला, घरी आला, भाकरी खाल्ली आणि रानाकडं निघाला. तेव्हा तिला सांगावंच लागलं.

"पंच कोन हुतं?" त्यानं विचारलं.

"शेजारचा आकाराम आन् गुंडा."

"त्यास्नी ठावं न्हवतं मी कुटं हाय त्ये?"

"समद्या गावाला ठावं हुतं. भाऊसोनं त्यास्नी त्या हिरीच्या पान्याची पाळी दिली."

भाऊसोला नाही, आकारामला नाही, ज्ञानूनं शिवी दिली ती तिला. "बापाचं रान घालवलंस! त्यापरीस मी तकडंच मेलो आसतो तर बरं झालं आसतं."

रान गेलं तेव्हा बयाबाईनं धीर सोडला नव्हता. तो आता सुटला.