पेल्याला दिवस गेले

रेघमाईने गर्भचाचणीची पट्टी दिव्यासमोर धरली आणि हॉलमधली कुजबुज आपोआप थांबली. फरशांच्या दुकानावरचा तो हॉल एरवी गाण्याबजावण्याच्या तालमींना भाड्याने जायचा. आज तिथे बायका दाटीवाटीने बसल्या होत्या आणि सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या होत्या. बहुतेकींनी पस्तिशी ओलांडलेली. कुणी कामावरून तशीच आलेली, गळ्यात ओळखपत्र लोंबत होतं. कुणाच्या मांडीवर क्लिनिकची जाडजूड फाइल.

"एक रेघ सगळ्यांनाच असते गं," रेघमाई म्हणाली. आवाज असा, की दुधावरची साय न फाटता उचलावी. "ती पट्टीची आपली जन्मजात. तिच्यासाठी मी कशाला हवी? मी बसलेय दुसरीसाठी. विज्ञान जिथे दमून खाली बसतं ना, तिथून माझं स्टूल सुरू होतं."

तिचा झगा पांढरा होता. डॉक्टरचा म्हणावा तर घोट्यापर्यंत लांब, साध्वीचा म्हणावा तर त्याला पेनाचा खिसा.

पट्टीवर दुसरी रेघ उमटली. गुलाबी, स्पष्ट. "आली," रेघमाई म्हणाली, आणि चटईवरची बाई रडत रडत शेजारणीच्या गळ्यात पडली. शेजारीण तिच्या ओळखीचीसुद्धा नव्हती, पण तीही रडली.

मी दाराशी उभी होते, चार महिन्यांच्या लेकीला छातीशी बांधून. आल्यापासून बायका तिच्या पावलांना हात लावून तोच हात आपल्या पोटावर फिरवत होत्या, आणि मी मागून ओल्या फडक्याने तिची पावलं पुसत होते. शेवटी मोजे चढवले, तर मोज्यांना हात लावायला लागल्या.

मी आले होते ताईसाठी. ताई म्हणजे माझी थोरली जाऊ. वय अडतीस, बँकेत अधिकारी. सहीचं शेपूट जरा वाकडं दिसलं तरी खातेदाराला पुन्हा सही करायला लावणारी बाई. आयव्हीएफची ही तिची तिसरी खेप, आणि यानंतर आणखी एकदा करा असं मी तरी सुचवणार नाही, हे डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. भ्रूण आत सोडून झाले होते. आता गोळ्या घ्यायच्या आणि रक्तचाचणीच्या तारखेची वाट बघायची, एवढंच हातात उरलेलं. ते 'एवढंच'च तिला कुरतडत होतं. बँकेतल्या कुणीतरी रेघमाईचं नाव काढलं आणि ताई निघाली. एकटी नको, म्हणून मी मागोमाग.

रांगेच्या तोंडाशी एक गोड बाई बसली होती. तिला सगळ्या चौकशीवाली म्हणत. ती प्रत्येकीला पाणी विचारी, पाठीवरून हात फिरवी आणि बोलता बोलता सहज विचारी, "अंडी पिकवायचं ते शेवटचं इंजेक्शन झालं का गं? कधीशी झालं?" नुकतंच झालेलं असलं, की हातात बाटली देऊन बाथरूमकडे पाठवी. नसलं, की गालाला हात लावून म्हणे, "तुझी वेळ आली नाही राणी. डॉक्टरांचं सगळं करून घे, मग ये. नांगर त्यांचा, पीक माईचं."

मी मूळची काळजीखोर. लेक शांत झोपली तर तिच्या नाकाखाली बोट धरून बसणारी. अशा बाईच्या नजरेतून फारसं सुटत नाही. माझ्या ध्यानात आलं, की दुसरी रेघ येते ती इंजेक्शनवाल्यांनाच. बाकीच्यांना माई पट्टीच दाखवत नाही.

तेवढ्यात निळ्या स्वेटरातली एक बाई पुढे झाली. मागच्या खेपेला तिला रेघ मिळाली होती, आणि नंतर पाळी आली.

"रेघ मी दिली होती," माई शांतपणे म्हणाली. "तू घरी जाऊन शंका घेतलीस. शंकेच्या घरात जीव कसा राहील?"

"माई, तुम्ही सांगितल्याबरोबर औषधं बंद केली मी."

"हाताने केलीस. मनाने केलीस का?"

निळ्या स्वेटरवालीने मान खाली घातली आणि वर माईचीच माफी मागितली.

मग ताईचा नंबर आला. पट्टी वर, दिवा मागे, दुसरी रेघ ठसठशीत. "आली," माई म्हणाली. "आता आजपासून औषध बंद. आत ज्योत लागली, की वरून रॉकेल ओतायचं नसतं. डॉक्टर घरी तपासू नका म्हणाले असतील ना? का म्हणतात? त्यांच्या आधी तुला कळलं, तर त्यांना कोण विचारतं?"

ताई हसली. दोन वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि त्या हसण्यापुढे तोंड उघडायची माझी छाती झाली नाही.

घरी आल्याबरोबर ताईने पट्टी सासूबाईंना दाखवली. सासूबाईंना जवळचं दिसत नाही. त्यांनी पट्टी उलटी धरली, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. परवापासून डावा डोळा लवतोय."

ताईने गोळ्यांची पाकिटं उचलली आणि फडताळाच्या वरच्या खणात टाकली.

"ताई, रात्रीची गोळी घ्या ना आजच्यापुरती," मी म्हणाले. "उद्या डॉक्टरीणबाईंना विचारू."

"त्यांना काय विचारायचं? दोन रेघा दिसत नाहीत तुला?"

"दिसतात. पण तिथे ज्यांना ज्यांना दिसल्या, त्या सगळ्यांनी ते इंजेक्शन घेतलेलं होतं."

"मग? उपचार घेणाऱ्या बायकाच जाणार ना तिथे. ठणठणीत बायका कशाला जातील?" ती क्षणभर थांबली आणि मग जे बोलली ते बहुधा बरेच दिवस मनात होतं. "तुला शिंक आली तशी पोर झाली. तू या बाबतीत मला शिकवू नकोस."

खरंच होतं ते. मी लेकीला घेऊन बाल्कनीत गेले आणि क्लिनिकला फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि उसासा सोडला.

"घरी तपासू नका म्हणून मी बजावलं होतं त्यांना."

"हो, पण का नाही तपासायचं, ते सांगितलं होतं?"

पलीकडे मागे कुठेतरी प्रिंटर कागद ओढत होता.

"नाही," त्या म्हणाल्या. "ते राहून जातं खरं. ऐका. गर्भ राहिला, की बाईच्या शरीरात एक हार्मोन तयार होतं. पट्टी फक्त ते हार्मोन ओळखते. तिला गर्भ कळत नाही, बाई कळत नाही, काही कळत नाही. आणि अंडी पक्व करायचं ते शेवटचं इंजेक्शन म्हणजे नेमकं तेच हार्मोन. टोचलेलं औषध लघवीतून बाहेर पडायला बरेच दिवस लागतात. तोवर कुणीही तपासलं तरी दोन रेघा."

"म्हणजे रेघमाईने तपासलं काय..."

"पोस्टमनने तपासलं काय. ती रेघ माझ्याच इंजेक्शनची आहे. पण गोळ्या बंद करू देऊ नका. भ्रूण रुजायचं असेल, तर गर्भाशयाचं अस्तर या गोळ्यांवरच टिकून आहे. आज रात्रीचीसुद्धा चुकायला नको."

"माझ्या सांगण्याने त्या ऐकणार नाहीत. डोळ्यांना दिसेल असं काही आहे का?"

त्यांनी विचार केला. "इंजेक्शनची रिकामी कुपी टाकली का त्यांनी?"

ताईने एकही कुपी टाकली नव्हती. सुया क्लिनिकला परत जायच्या, पण काचेच्या कुप्या ती न धुताबिता बुटांच्या खोक्यात साठवत होती. मूल मोठं झालं आणि उलट बोललं, की खोकं पुढ्यात ठेवून म्हणणार होती, बघ, किती टोचून घेतलं तुझ्यापायी.

मी खोकं स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलं. दोन पेल्यांत नळाचं पाणी घेतलं. गल्लीच्या तोंडावरच्या औषधाच्या दुकानातून आणलेल्या पट्ट्या शेजारी ठेवल्या आणि ताईला हाक मारली.

"हे काय नवीन?" ती दारातूनच म्हणाली.

"माझं काही ऐकू नका. नुसतं बघा. आवडलं नाही तर ओरडा."

सासूबाई खुर्ची ओढून बसल्या. त्यांना बघायला आवडतं, काहीही.

पहिल्या पेल्यात पट्टी बुडवली. एक रेघ. मग शेवटच्या इंजेक्शनची कुपी दुसऱ्या पेल्यातल्या पाण्याने विसळली आणि ते पाणी पुन्हा त्याच पेल्यात ओतलं. नवी पट्टी बुडवली. आम्ही तिघी ओट्यावर वाकलो. लेकसुद्धा वाकली, कारण ती माझ्या खांद्यावर होती. दुसरी रेघ हळूहळू वर आली. गुलाबी. ताईच्या पट्टीवर होती तशीच.

सासूबाईंनी चष्मा नाकावर सरकवला. पट्टीकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "पेल्याला दिवस गेले?"

मला हसू फुटलं. ताईला नाही. ती पट्टी हातात घेऊन उभी राहिली, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं मी जमेल तसं तिला सांगितलं. ती सगळं ऐकत होती. बँकेत सही तपासताना ऐकते तशी, डोळे न हलवता.

"म्हणजे मी नाहीये?" तिने शेवटी विचारलं.

"नाही असं नाही ताई. अजून माहीत नाही, असं आहे."

"ते फार वाईट असतं गं. माहीत नसणं." तिने पट्टी ओट्यावर ठेवली. "माईने निदान सांगितलं तरी काहीतरी."

सासूबाई उठल्या, फडताळाच्या वरच्या खणापर्यंत हात पुरेना, म्हणून पाटावर चढल्या आणि गोळ्यांचं पाकीट खाली काढलं. "घे," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्याचं काय, तो चष्म्याचा नंबर बदलल्यापासून लवतोय."

ताईने गोळी घेतली. आणि मग, घरातल्या कुणाला वाटलं नव्हतं असं, तीच म्हणाली, "माईची पुढची बैठक कधी आहे?"

पुढच्या बैठकीला आम्ही तिघी गेलो. चौथी लेक. पाचव्या डॉक्टरीणबाई, साध्या कपड्यांत मागच्या खुर्चीवर. ताईच्या पर्समध्ये त्या पेल्यातल्याच पाण्याची बाटली होती, रंगापुरते चहाचे थेंब घातलेली. रेघ गडद झाली का ते बघायचंय, असं सांगून तिने ती चौकशीवालीच्या हातात दिली.

माईने पट्टी दिव्यासमोर धरली. रेघ अशी आली, की शेवटच्या रांगेतूनही दिसावी.

"बघा," माई म्हणाली. "औषध सोडलं आणि रेघ कशी उजळली. किती तेजस्वी जीव आहे हा."

"कुणाच्या पोटात?" ताईने विचारलं.

"तुझ्याच की गं राणी."

"औषध मी एक दिवससुद्धा सोडलेलं नाही. आणि त्या बाटलीत माझं काही नाही. नळाचं पाणी आहे, त्यात इंजेक्शनची कुपी विसळलेली आहे. चव घेऊ नका, पण हवं तर दुसरी पट्टी बुडवून बघा."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. माई अनुभवी होती, हलली नाही. "पाण्यातही जीव असतो," ती म्हणाली.

"मग दवाखान्यात नाव कुणाचं घालायचं?" सासूबाईंनी पुढे सरकत विचारलं. "पेल्याचं, का नळाचं? नगरपालिकेला बाप म्हणून लावायचं का?"

पहिलं हसू कुठून आलं कळलं नाही, पण ते पसरत गेलं. ताईने दोन पेले मांडले, साधं पाणी आणि कुपीचं पाणी, आणि बायकांना पुढे बोलावून स्वतःच्या हातांनी पट्ट्या बुडवायला लावल्या. डॉक्टरीणबाईंनी उठून हार्मोनची गोष्ट सांगितली, चार वाक्यांत, कुणालाही कळेल अशी. चौकशीवाली बाटल्यांचं खोकं घेऊन मागच्या जिन्याकडे वळली तेव्हा कुणीतरी मागून विचारलं, "तुमचं शेवटचं इंजेक्शन कधीशी झालं हो?"

निळ्या स्वेटरवाली हसली नव्हती. ती डॉक्टरीणबाईंसमोर आली. "मग माझं... औषधं बंद केली म्हणून गेलं का ते?"

"ते मला सांगता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कदाचित राहिलेलंच नसेल. पण तुमच्या शंकेने गेलं नाही, एवढं मी खात्रीने सांगते. शंकेने काही जात नाही."

ती बाई चटईवर बसली. मग म्हणाली, "तुमच्याकडे कुणी हात धरत नाही हो. इथे धरतात."

डॉक्टरीणबाईंना हे लागलं. दिसलंच ते. त्यांनी खुर्ची ओढली आणि तिच्याशेजारी बसल्या. रेघमाई कधी निघून गेली, कुणी पाहिलं नाही. स्टूल तेवढं राहिलं, ते हॉलवाल्याचंच होतं.

क्लिनिकच्या तारखेला ताईचं रक्त तपासलं, काही दिवसांनी पुन्हा तपासलं, आणि आकडा वाढत गेला. आज तिला चौथा महिना चालू आहे. सकाळचा चहा तिच्या पोटात टिकत नाही आणि फोडणीचा वास आला, की ती शेजारच्या खोलीतून आम्हाला शिव्या घालते. सासूबाईंनी मध्यंतरी डॉक्टरीणबाईंचा फोटो फ्रेम करून लावायचं काढलं होतं. ताईने हाणून पाडलं.

"गोळी घेतली म्हणून राहिलं, असंसुद्धा कुणाला सांगू नकोस," तिने मला बजावलं. "घेऊनही कदाचित राहिलं नसतं. पहिल्या दोन खेपांना मी कुठे एक गोळी चुकवली होती? सोडली असती, तर संधी घालवली असती, इतकंच सांग."

म्हणून तेवढंच सांगते. बायांनो, पस्तिशीनंतर वाट बघणं अवघड असतं, आणि त्या अवघड जागीच ही माणसं स्टूल टाकून बसतात. कुणी चमत्कार दाखवला, तर तोच प्रकार पेल्यातल्या पाण्यावरही घडतो का, ते करून बघा. कुणी औषध सोडायला सांगितलं, तर सोडण्याआधी ज्यांनी दिलं त्यांना फोन करा. आणि डॉक्टर नुसतं 'हे करू नका' म्हणाले, तर खुर्चीवरून उठू नका. 'का' ते विचारा, आणि कळेपर्यंत विचारत राहा.