कुलपातला पंखा

मी एक जुनी काचपेटी आहे. सरकारी दवाखान्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देते. मित्रांनो, हे मी मान वर करून सांगते. मी ओंजळीएवढे जीव सांभाळले. मोठमोठ्या खुर्च्यांवरच्यांना देश सांभाळता आले नाहीत.

माझं माहेर समुद्रापलीकडचं. आम्ही तिघी बहिणी एकाच जहाजातून आलो. काही वर्षं सगळ्यांनी आम्हांला डोक्यावर घेतलं. मग माहेरच्या बड्यांचं इथल्या बड्यांशी बिनसलं. रेड्यांची टक्कर, झाडाचा काळ. या देशाला काही विकायचं नाही, असं तिकडे ठरलं. वर मानभावीपणा असा, की आजाऱ्यांना म्हणे सूट आहे! सूट कागदावर आली, पण माझ्या पोटात ऊब फिरवणारा पंखा झिजला तरी नवा काही आला नाही. माल न्यायला जहाज तयार नाही, पैसे पोचवायला बँक तयार नाही. आणि इथले बडे छाती पिटून म्हणायचे, आम्ही झुकणार नाही. कशाला झुकतील? त्यांच्या सुनांची बाळंतपणं परदेशात.

झुकलो आम्ही. एका बहिणीचा पंखा काढून मला बसवला, दुसरीची तापायची तार. दोघींची हाडं कोपऱ्यात पडली. माझ्या पोटात बाळं दोन-दोन, एकाचे पाय दुसऱ्याच्या उशाशी. सगळीच जगली नाहीत.

पुढे बड्यांनी हसत हात मिळवले. बंदी उठली, नवा पंखा आला. वॉर्डच्या मोठ्या सिस्टरनी तो कपाटात ठेवून कुलूप लावलं. डॉक्टरांनी परोपरीने समजावलं. त्या म्हणाल्या, "आज उठली, उद्या परत बसेल. जुना चालतोय तोवर चालू दे."

वर्षं गेली. सिस्टरांची लेक अवघडली, सातव्यातच मोकळी झाली. नात माझ्या पोटात आली आणि माझा जुना पंखा घरघरून थांबला. सिस्टरनी धावत जाऊन कपाट उघडलं. पंखा कोरा करकरीत, तो मला बसवला, पण त्याची रबरी कडी पडून पडून तडकलेली. ऊब फटीतून निसटायला लागली. लेकीने पोर उराशी धरली आणि एवढंच विचारलं, "आई, कुणासाठी ठेवला होतास गं?"

सिस्टरनी पोर तिच्याकडून घेऊन परत माझ्या पोटात निजवली. ओल्या कापडाची पट्टी वळून त्यांनी फट बुजवली आणि हाताने दाबून धरून बसल्या. पोर तगली.

मग त्यांनी काय करावं? बंद पडलेला जुना पंखा पुसला, फडक्यात गुंडाळला आणि कपाटात ठेवून पुन्हा कुलूप लावलं.

त्यांना कुणी हसू नका. हसायचंच तर त्या शहाण्यांना हसा, ज्यांना वाटतं बंदी सहीने उठते.

मित्रांनो, मला पुसा, माझं ओलाव्याचं पाणी बदला, रबर तपासा. आणि मोठे होऊन कुणाचं दार बंद करायची हौस आलीच, तर आधी इथे येऊन उभे राहा. दार मलाही आहे. पण इथली शिकाऊ नर्ससुद्धा ते लावण्याआधी आत कोण निजलंय ते बघते.