मामंजींची रिकीब

आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून मी मामंजी म्हणते. साऱ्या जुमगाल खोऱ्यात त्यांच्याइतका शांत माणूस नाही. शांत नाही तो फक्त त्यांचा उजवा पाय.

सहा वर्षं झाली त्यांना कंपवाताला. डॉक्टर पार्किन्सन म्हणतात. हात थरथरतात त्याचं कुणाला काही नाही; चहा थोडा सांडतो, पुन्हा ओततो. पण गोळीचा असर उतरला की पोटरीत गोळा येतो, बोटं आत वळतात आणि आख्खा पाय ओंडक्यासारखा पुढे ताठ होतो. पुढे म्हणजे जेवायला अंथरलेल्या दस्तरखानावर, नानच्या रोटीकडे. नानकडे पाय करणं आमच्याकडे शिवी देण्यापेक्षा वाईट. मामंजी शरमेने अर्धे होत.

नारीन शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी उपाय शिकवला. गोळी घड्याळाच्या काट्यावर, मटणाच्या आधी अर्धा तास. आणि गोळा आला की तळपायाखालून टॉवेल घालून बोटं स्वतःकडे ओढायची, तीस मोजायचे. मामंजींनी मान डोलावली, घरी आले आणि तबेल्यातलं खोगीर घेऊन आत.

"टॉवेल कशाला? रिकीब कशासाठी केलीय देवाने?"

गाद्यांच्या चळतीवर खोगीर चढलं, खोगिरावर मामंजी. उजवा पाय रिकिबीत, तिचा पट्टा दोन्ही हातांत. ओढला की बोटं हळूहळू उलगडत. "पायाला वाटतं आपण कुठंतरी निघालोय," ते म्हणायचे, "म्हणून गप्प बसतो बिचारा."

नमाजाचं काय, म्हणून मी मौलवींना विचारलं. आमचे मौलवी गोड गळ्याचे, शुक्रवारचं प्रवचन असं गातात की चुलीवरचं दूध उतू गेलेलं कळत नाही. तेही त्यांनी गाऊनच सांगितलं: वाटेवरच्या माणसाला सूट आहे, माउली, वाटेवरच्या माणसाला सूट आहे. तेव्हापासून मामंजी प्रवासात आहेत. दोन वर्षं झाली, चुलीपासून चार हातांवर.

आणि अशात माझ्या लेकीची, जिपारची सोयरीक ठरली. मुलाकडचे येणार, विहीणबाई तिच्या कानांत कुड्या घालणार, की पक्कं. जिपारने मात्र बजावलं, "आजोबांनी स्वतः आशीर्वाद दिल्याशिवाय मी कानाला हात लावू देणार नाही." मामंजी महिनाभर आशीर्वाद घोळवत होते. चांगला लांबलचक, चालीवर म्हणायचा.

पाहुणे बाराला यायचे ते तीनला आले. बाराची गोळी उतरली होती, तीनची अजून चढली नव्हती. दार उघडलं तेव्हा मामंजी रिकीब ओढून बसलेले.

व्याही बेइशेनबाय उंबऱ्यातच थांबले. सत्तरीचा ताठ म्हातारा, डोक्यावर पांढरी उंच टोपी.

"व्याहीबुवा कुठं निघाले?"

"कुठं नाही. या, वर बसा."

"आम्ही उतरून आलो आणि तुम्ही वरच? पाहुण्याशी घोड्यावरून बोलतो तो एक तर वसुलीवाला, नाहीतर मयताची खबर आणणारा."

माझा नवरा मेलिस पुढे झाला. "अहो, खाली घोडा नाहीये! गाद्या आहेत!"

"खोगीर आहे ना? रिकिबीत पाय आहे ना? मग घोडा नाही, हा तुमच्या घरचा प्रश्न."

मामंजी बिचारे उतरले. दस्तरखानाशी बसले आणि त्याच क्षणी पाय सुटला. नान ओलांडून, साखरेचं भांडं ओलांडून सरळ विहीणबाईंच्या गुडघ्यापर्यंत. त्यांनी कुड्यांची डबी छातीशी धरली.

"अगं बाई! हे बोट दाखवावं तसा पाय दाखवतायत!"

"आजार आहे हो," मी म्हटलं. "पायाला रिकीब लागते."

मामंजींना आम्ही पुन्हा वर चढवलं. बेइशेनबायांनी पायाकडे पाहिलं, खोगिराकडे पाहिलं आणि बाहेर गेले. पडद्याआड जिपार नखं खात होती. अंगणातून लोखंड कुरकुरल्याचा आवाज यायला लागला.

थोड्या वेळाने बेइशेनबाय आणि त्यांचा ड्रायव्हर मिनीबसची पुढची सीट उचलून आत आले. नटबोल्ट काढून आणलेली, पट्ट्यासकट. ती मामंजींच्या समोर ठेवली. व्याही तिच्यावर बसले, पट्टा खटकन लावला.

"आता मीही वरच. अस्सलामु अलैकुम, व्याहीबुवा. प्रवास कसा चाललाय?"

"वालेकुम अस्सलाम. चढ आहे जरा."

"असायचाच. जुमगालचा रस्ता आहे."

मग जेवणं झाली. दोघा स्वारांना आम्ही वाडगे वर पोचवत होतो. मानाचं मेंढ्याचं डोकं व्याह्यांना दिलं तर म्हणाले, "चालत्या गाडीत डोकं नको, सांडेल." शेवटी ते अर्धं अर्धं खाल्लं.

आशीर्वादाची वेळ आली. सगळ्यांनी ओंजळी समोर धरल्या. मामंजींनीही हात उचलले आणि पट्टा सैल पडला. पाय सणकन सुटला, सायीचं भांडं भिंतीवर. पट्टा धरला, पाय निवला. हात उचलले, पाय सुटला. दुसऱ्यांदा चहाची किटली गेली. तिसऱ्यांदा नान थोडक्यात वाचला.

आशीर्वादाला दोन हात, पायालाही दोन हात. माणसाला देवाने दोनच दिलेत. महिनाभर घोळवताना हे आमच्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. मेलिस उठला, तर मामंजींनी मानेनेच नको म्हटलं. पाहुण्यांसमोर मुलाच्या हाती पाय द्यायचा नव्हता त्यांना. डोळे भरून आले होते.

"सूनबाई, मौलवींना बोलव. ते देतील."

पडद्याआडून आवाज आला, "मग कुड्याही मौलवींनाच घाला!"

कुणी हसलं नाही. विहीणबाई डबी बंद करायला लागल्या. तेवढ्यात पट्टा सुटल्याचा खटका ऐकू आला.

बेइशेनबाय सीटवरून उतरले. आमच्याकडे रिकीब धाकट्याने धरायची, थोरल्याची. मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांची धरल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि या म्हाताऱ्याने तर चाळीस वर्षांत कुणाचीच धरली नसेल. ते मामंजींच्या पायाशी गुडघे टेकून बसले आणि पट्टा हातात घेतला.

"किती ओढू?"

"बोटं माझ्याकडे वळेपर्यंत. आणि तीस मोजा."

मामंजींनी हात पसरले. थरथरत होते, पण उघडे होते. सूर लागला:

"वाट सरळ असो गं, चूल उबदार असो,
दारी आलेला पाहुणा कधी उपाशी न जावो..."

खालून बेइशेनबायांचा घोगरा आवाज साथ देत होता, "अकरा... बारा... तेरा..." गाणं आणि मोजणं कसं कोण जाणे एका लयीत आलं. मला तर वाटलं, शुक्रवारच्या प्रवचनातही असा रंग भरला नसेल. तीस संपले, व्याह्यांनी पुन्हा एकपासून धरलं. ते तेविसावर पोचले तरी पाय हलला नाही.

"आमीन!" सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले.

"अहो, माझे हात अडकलेत!" बेइशेनबाय ओरडले. "माझ्या तोंडावरून कुणीतरी फिरवा, नाहीतर मी एकटाच आशीर्वादाविना राहीन!"

मामंजी खोगिरावरून वाकले आणि आपले दोन्ही थरथरते तळवे त्यांनी व्याह्यांच्या चेहऱ्यावरून कपाळापासून दाढीपर्यंत फिरवले. टोपी तिरकी झाली. जिपार पडद्यातून बाहेर आली, विहीणबाईंनी तिच्या कानांत कुड्या घातल्या.

"सोडू का आता?" खालून विचारणा झाली.

"थांबा," मामंजी म्हणाले, "अजून सात राहिलेत."