मालकाची पाठ

आमच्या डोंगरकडा गावात कुनालाबी इचारा, संतरामभाऊ कसे चालतेत? सांगतेल, पुढं. अन् त्यांची बायको पार्वती? मागं. ती बायको म्हंजे मी.

लगीन लागलं, वरात दारात आली, गाडीतून उतरले अन् जी ह्यांच्या पाठीमागं चालाय लागले ती आजवर. शेतात जायचं तर हे पुढं, मी मागं. कळमनुरीच्या बाजारात तसंच, हिंगोलीच्या दसऱ्यात तसंच. लेकरू तापानं फनफनलंय, दवाखान्यात न्यायचंय, तरी लेकरू माह्या कडंवर अन् हे पुढं. बरं, बोलनं बंद न्हाई हां. तोंड पुढं करून हळदीचा भाव, पान्याची पाळी, भावकीचं भांडन सगळं सांगत ऱ्हायचं अन् म्या मागून "हं, हं" करायचं. आमच्याकडं रिवाजच हाय तसा. बाई नवऱ्याच्या बराबरीनं चालली की पारावरचे लोक खोकलतेत. आमच्या मालकाला वाघाचं भ्या न्हाई, पन त्या खोकल्याचं लई.

यंदा हळद इकून झाली अन् पुन्याहून प्रियंकाचा फोन आला. पोरगी आमची नोकरीला हाय तितं. म्हनली, "आई, तू अन् बाबा फिरून या. ताशकंद, समरकंद, बुखारा. लई जुनी शहरं हायेत. मी बुकिंग करून टाकलंय."

ह्यांनी फोन हिसकला. "मे महिन्यात? तितं ऊन किती असतं?"

"कवा कवा चाळीसबी गाठतं, बाबा."

"मंग काहून जायचं? हितं त्रेचाळीस हाय, अन् फुकट हाय."

पन मला जायचं व्हतं. खरं सांगते, मला त्या जुन्या शहरांचं काही पडलं नव्हतं. मला एकच पाहायचं व्हतं. ह्यांना म्हनले, "येते मी. पन अट हाय. तितं आपल्याला कुत्रंबी वळखत न्हाई. तितं तुमी माह्या बराबरीनं चालायचं. शेजारी. नवरा-बायकोसारखं."

हे पेपर वाचून राहिले व्हते. पेपरातूनच म्हनले, "बरं."

पेपरातून निघालेलं "बरं" किती टिकतं ते मला ठावं हाय. पन आशा मोठी वाईट.

ताशकंदच्या इमानतळावर सामानाची गाडी ढकलत हे दारापतोर माह्या शेजारी चालले, खोटं कशाला बोलू. दारातून भाईर आलो, ऊन लागलं, अन् पाय सुटले! पुढं म्हंजे पुढं. आमच्या टोळीत नांदेडचे, परभनीचे लोक व्हते. त्यातल्या बाया नवऱ्याच्या हातात हात घालून फोटो काढू राहिल्या, अन् मी माह्या मालकाच्या पाठीकडं पाहत बसपतोर गेले.

समरकंदात गेलो. माय गं, काय ती जागा! निळे घुमट, निळ्या भिती, मान वर करून पाहता पाहता पदर कवा पडला ते कळलं न्हाई. आमच्या संगं नोदिरा नावाची तिथलीच पोरगी व्हती वाट दाखवायला. कळमनुरीच्या मास्तरापेक्षा चांगली हिंदी बोलायची. कोन बादशहा, कुनी बांधलं, कुनाला कुनी मारलं, सगळं तोंडपाठ. आमचे मालक पुढं उभं राहून भिताडाला नखानं खरवडून पाहत व्हते, चुना किती घातला म्हनून. मंग रस्त्याकडंचा पाट दिसला. झालं! "हे पाहा, वाळवंटात पानी खळखळून राहिलं. अन् आपल्या सिद्धेश्वर धरनाच्या कालव्याचं पानी शेवटच्या शेतात कवा पोचतं?" हे सगळं पुढं तोंड करून. म्या मागून, "हं."

मंग नोदिरा म्हनली, आता बाजार पाहू, बाजाराच्या पल्याडच्या फाटकापाशी बस उभी हाय. बाजारात ह्यांनी मसाल्याच्या दुकानातली हळद चिमटीत घेतली, वास घेतला अन् त्या दुकानदाराच्या तोंडावर मराठीत सांगितलं, "ही हळद न्हाई बाबा, पिवळी माती हाय." तो बिचारा छातीवर हात ठेवून हसला. त्याला वाटलं तारीफ करून राहिले.

तितून निघालो तर मला बायांनी घेरलं. "हिंदुस्तान! हिंदुस्तान!" एकीनं माह्या साडीचा काठ धरला, एकीनं कुंकवाकडं बोट केलं, एकीनं लेकरू माह्या कडंवर देऊन फोटो काढला. मी हाक मारली, "अवं, थांबा की!" पाठ काय थांबंना. पांढरा सदरा, पांढरी टोपी, मागं बांधलेले हात, अन् तोंड चालू. गर्दीतून चालले आपले सिद्धेश्वरचं पानी घेऊन.

आता एरवी काय झालं असतं? लेकरू त्याच्या मायला देऊन म्या पदर खोचला असता अन् पळत पाठ गाठली असती. जलमभर तेच केलं. पन त्या दिवशी माह्या डोस्क्यात तिडीक गेली. म्हनलं, आज पार्वती पळत न्हाई. आज पाहूच ह्या मानसाला कवा कळतं मागं बायको न्हाई म्हनून. समोर एक म्हातारी नान इकत बसली व्हती, ते तिथले गोल गोल भाकरीएवढे पाव. तिच्याजवळ लाकडाचं तखत व्हतं. म्या मांडी घालून बसले.

पाठ लहान लहान होत गेली. एकदाबी वळली न्हाई. मंग दिसंनाशी झाली.

म्हातारीनं चाय दिला, नान मोडून हातात ठेवला. तिची भाषा मला येईना, माही तिला येईना, पन चाय, नान, पियाज म्हनलं की दोघींनाबी कळायचं. मी तिला मराठीतच सगळं सांगितलं. ह्यांच्या आईपासून सुरू केलं. म्हातारी मान हलवत व्हती, अन् मधीच तिनंबी लांब कुटंतरी हात करून तिच्या म्हाताऱ्याची काहीतरी चहाडी केली. लई बरं वाटलं.

चाय संपला तवा ध्यानात आलं. पासपोर्ट ह्यांच्या बंडीच्या खिशात. फोन ह्यांच्या खिशात, काहून तर "तू हरवशील." हाटेलाचं नाव म्हनाल तर मला ठावं न्हाई, ते ध्यानात ठेवायचं काम पुढच्या मानसाचं. बस कोनत्या फाटकापाशी? बाजाराला दर बाजूला फाटक! अन् राग तर कवाच उतरला व्हता, नुसतं भ्या उरलं. हे मला सोडून गेले तर? मुद्दाम न्हाई हो. चुकून. ध्यानातच न आल्यामुळं. मला त्याचंच भ्या वाटलं, अन् मी रडाय लागले.

म्हातारीनं आरडाओरडा करून एक पोलीस बोलावला. कवळं पोरगं व्हतं, आमच्या लेकाहून, बालाजीहून लहान. त्यानं फोनवर काहीतरी टाइप केलं अन् फोन हिंदीत बोलला, "आपके पति कैसे दिखते हैं? चेहरा बताइए."

चेहरा! अगं बाई, चेहरा कसा हाय ह्यांचा? मिशी हाय. हाय ना? का गेल्या साली काढली? नाक... नाकासारखं नाक. मला घाम फुटला. इतकी वर्सं संसार केला, दोन लेकरं वाढवली, अन् नवऱ्याचं तोंड आठवंना.

मंग म्हनलं, "भैया, चेहरा नहीं आता. पीठ बताती हूँ."

अन् जे सुरू झाले! उजव्या कानाच्या मागं मिऱ्याएवढा काळा तीळ. मानंवर दोन आडव्या सुरकुत्या, मधली कातडी उनानं जास्त काळी. सदऱ्याची कालर आतून विरलेली, म्याच उलटून शिवलेली. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली, पोती उचलून. टोपी मागून दबलेली. डाव्या चपलेची टाच भाईरच्या अंगानं झिजलेली. हात मागं बांधलेले, अन् बोलताना उजव्या हाताचा अंगठा सारखा हलतो. पोलिसानं फोन खाली केला, माह्याकडं पाहिलं अन् हसत हसत बाजारात घुसला. बिचारा समद्या म्हाताऱ्यांच्या मागं जाऊन मान पाहत सुटला.

तिकडं काय झालं ते मला नोदिरानं मागून सांगितलं. हे बसपतोर बोलत गेले. ह्यांच्या मागून एक गडी फोनवर "हा, हा" करत चालला व्हता, त्यामुळं ह्यांचं बोलनं कुटं अडलंच न्हाई. बसपाशी पानी मागायला हात मागं केला अन् त्या गड्याच्या पोटाला लागला. तवा वळले. वळले अन् पांढरे फटक पडले. नोदिरा म्हनली, घाबरू नका, साडी कोनत्या रंगाची हाय? हे म्हनले, "हिरवी." नांदेडच्या बाया म्हनल्या, "अहो भाऊ, सकाळपासून जांभळी नेसल्यात त्या!" उंची? म्हनले, "बेताचीच असंल. मागं असती ती."

जांभळी म्हनून चार बायांनी सांगितलं, तरी हा मानूस हिरवीच हुडकत बाजारात पळाला. हिरवी त्यांच्या डोक्यात बसली व्हती.

हिकडं मी तखतावर. समोरून एक म्हातारा येताना दिसला. डोकं उघडं, केस उडालेले, डोळे लाल. दुकानादुकानात वाकून पाहू राहिला. मला लई कीव आली. म्हनलं, कुनाचा बाप हाय की, काय हरवलं की बिचाऱ्याचं. त्यानं माह्याकडं पाहिलं, माही जांभळी साडी पाहिली अन् नजर पुढं नेली. म्याबी दुसरीकडं पाहिलं. तो पुढं गेला.

पुढं गेला अन् मला पाठ दिसली.

"अवंऽऽऽ!"

असं वरडले की म्हातारीच्या हातातला नान खाली पडला. हे जागच्या जागी गर्रकन वळले. पोलीस पळत आला, त्यानं मागून कालर उलटी करून पाहिली, तीळ पाहिला, अन् अंगठा वर करून मला दाखवला. बराबर!

हे माह्याकडं आले. पैलं वाक्य काय असावं? "कुटं उलथली व्हतीस?"

म्या म्हनले, "हितंच हाय. तुमच्या म्होरंच. हिरवी काहून सांगितलीत?"

"ध्यानात न्हाई राहिलं."

"माहं ध्यान असतं कुटं तुमाला?"

बोलले अन् रागानं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. चांगलं टक लावून. मिशी व्हती. सगळी पांढरी. डोळ्याखाली पिशव्या आलेल्या, गालावर पानी, अन् टोपी मुठीत चुरगाळून धरलेली. केवढा म्हातारा झाला हा मानूस, अन् मला कुनी सांगितलंच न्हाई. म्या टोपी घेतली, झटकली, त्यांच्या डोस्क्यावर घातली. म्हनले, "बसा. चाय प्या. म्हातारी चांगली हाय." हे तखतावर माह्या शेजारी बसले.

त्याच्यानंतर बुखाऱ्यात हे माह्या बराबरीनं चालले. कसे, तर माहं कोपर पोलिसानं चोर धरावा तसं धरून. सवय न्हाई ना. नवीन जुंपलेल्या गोऱ्ह्यासारखं अंगावर येत. मिनार पाहायचा तर मिनाराकडं कमी अन् माह्या साडीकडं जास्ती पाहायचे. रोज सकाळी नोदिराला सांगायचे, "आज पीली है. लिख के रखो." सगळी बस हसायची. मीबी हसायची, पन मला ठावं व्हतं, हे सगळं परक्या मुलखात. हितं खोकलनारं कोनी न्हाई. खरी परीक्षा डोंगरकड्याच्या फाट्यावर.

नांदेडहून यष्टीनं आलो. फाट्यावर उतरलो तर दुपार उलटलेली, चायच्या टपरीवर सगळी मंडळी बसलेली. बालाजीनं बॅगा मोटरसायकलवर बांधल्या अन् पुढं गेला. राहिलो आमी दोघं अन् घरापतोरची वाट.

ह्यांचे पाय सवयीनं सुटले. मी मागं उभी. मनात म्हनलं, झालं, संपलं समरकंद. अन् खरंच सांगते, डोळ्यात पानी आलं माह्या.

हे चार पावलं गेले अन् थांबले. वळले. टपरीकडं पाहिलं, माह्याकडं पाहिलं. तोंड कसनुसं झालं. पन रस्त्याच्या कडंला सरले अन् म्हनले, "व्हय पुढं."

"काय?"

"पुढं चाल तू. मी येतो मागं. मला दिसली पायजे."

टपरीवर कप थांबले. किसनसिंग टपरीवाला खोकलला. मंग त्याच्या बाजूचा खोकलला. मंग सगळेच खोकलले, जशी काय साथ आली. किसनसिंगानं इचारलंच, "काय संतरामभाऊ, लई लांब जाऊन आले म्हनं. अन् आता बायकोच्या मागं?"

ह्यांचे कान लाल झाले असतेल, मला काय दिसनार, मी पुढं. पन आवाज ऐकला. म्हनले, "तू गप चाय उकळ, किसन."

मी चालाय लागले. अन् काय सांगू, मला चालताच येईना! समोर पाठ न्हाई तर पाय कुटं टाकावा? माह्याच गावातली वाट, अन् मी दर पावलाला मागं वळून पाहू राहिले. हे मागून खेकसायचे, "पुढं पाहा की!" मी पुढं पाहायची. पुढं नुसता रस्ता.

शाळंच्या वळनापतोर गेलो. मागून बोलनं बंद झालं. हळद न्हाई, पानी न्हाई, भावकी न्हाई. मला वाटलं राहिला का मानूस मागं, वळले, तर हे रस्त्यात उभे राहून माह्या पायांकडं पाहत व्हते.

"काय झालं?" म्या इचारलं.

"तू डाव्या पायानं लंगडतीस."

म्या साडीचा काठ पायावर वढला.

"कवापासून?"

"हळद शिजवताना कढईपाशी पाय घसरून पडले व्हते ना, तवापासून."

हे इचारात पडले. "कवा पडलीस? मला कसं ठावं न्हाई?"

"तुमी पुढं गेले व्हते," म्या म्हनले.